लाइट-पाण्याचे पैसे ठोक घेता, तर हिशेबही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाडवा जवळ आला की आपल्या अंकाची पुरवणी फ्लॅटच्या जाहिरातींनी जड होते. गंगापूर रोड, मखमलाबाद, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव, कुठलीही जाहिरात घ्या, सगळे काही हाकेच्या अंतरावर. किंमत ठळक, कोपऱ्यात महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ‘इतर चार्जेस वेगळे’. त्या तळाच्या ओळीत काय काय भरलेले असते, ते जवळून पाहणारा माणूस म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. पावशतक होत आले, नाशिकमधल्या इमारतींची वायरिंग, मीटर पॅनेल, केबल ही कामे करतो. महावितरणकडे नव्या जोडणीचा ए-वन फॉर्म भरणे, लोड मंजूर करून घेणे, टेस्ट रिपोर्ट देणे, कोटेशन म्हणजे महावितरणने काढलेली रक्कम भरून पावती बिल्डरच्या टेबलावर ठेवणे, हेही माझ्याचकडे असते. बिल्डर मंडळींवर माझा राग असण्याचे कारण नाही, माझी चूल त्यांच्याच कामांवर पेटते. पण फ्लॅटमधला दिवा कोणकोणत्या कागदांवरून चालत येतो हे मला पाठ आहे आणि म्हणूनच करारनाम्यातले एक कलम मला डाचते.

परवा माझा भाचा कराराचा मसुदा घेऊन आला. अंबडच्या एका कारखान्यात नोकरी, सिडकोत भाड्याने राहतो, कर्ज मंजूर झालेले. म्हणाला, “मामा, सह्या करायच्या आधी एकदा नजर टाका. तुमच्या लाइनचं बरंच आहे यात.” मी मसुदा मागून वाचायला घेतला, कारण पैशांची कलमे तिकडे असतात. तिथे लिहिले होते: ‘वीज, पाणी, ड्रेनेज, पाइप गॅस व इतर सेवांच्या जोडणी खर्चापोटी खरेदीदाराने रु. २,४०,००० ठोक स्वरूपात, ना-परतावा, ताब्यापूर्वी द्यावेत. सदर रकमेचा हिशेब मागण्याचा हक्क खरेदीदारास राहणार नाही. प्रत्यक्ष खर्च वाढल्यास फरकाची रक्कम खरेदीदाराने द्यावी.’

म्हणजे खर्च वाढला तर फरक भर, कमी झाला तर विचारू नकोस. इमारतीत ५६ फ्लॅट. गुणाकार केला तर १ कोटी ३४ लाख ४० हजार होतात. एवढ्या रकमेचा हिशेब मागू नका, असे आम्हा ठेकेदारांना बिल्डर स्वतः कधी म्हणू देतो का? माझ्या बिलातला एकेक लग, म्हणजे वायरीच्या टोकाची टोपी, तो मोजून घेतो.

आता यात खरा खर्च कशाचा असतो ते सांगतो. ५६ फ्लॅटना प्रत्येकी पाच किलोवॅट धरले तर २८० किलोवॅट झाले. त्यावर लिफ्ट, पाण्याच्या मोटारी, फायर पंप, जिन्यातले दिवे आणि आता गाड्यांचे चार्जर. सगळे एकाच वेळी चालू नसते, म्हणून गुणक लावून मागणी काढायची आणि मग ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीएचा की ३१५ चा हे ठरते. त्याला आवारात जागा लागते, उच्चदाब केबल आणावी लागते, मीटर रूम, पॅनेल, अर्थिंग आले. त्यानंतर प्रत्येक फ्लॅटच्या नावाने जोडणी शुल्क आणि सुरक्षा ठेव.

यातली सुरक्षा ठेव ग्राहकाच्या नावाने जमा होते, वीज कायद्यानुसार तिच्यावर व्याज मिळते आणि ते बिलातून वजा होते. म्हणजे तो खर्चच नव्हे, तो तुमचाच पैसा आहे. जोडणी शुल्काचे दर वीज नियामक आयोगाने मंजूर केलेल्या तक्त्यात छापलेले असतात. ट्रान्सफॉर्मर आणि लाइनच्या खर्चाचे म्हणाल, तर आयोगाने ८ सप्टेंबर २००६ च्या आदेशाने महावितरणला सर्व्हिस लाइन चार्जेस आणि ओआरसी, म्हणजे लाइन व यंत्रणेच्या खर्चापोटीची आकारणी, ग्राहकाकडून घ्यायला मनाई केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हाच निर्णय कायम राहिला. एखाद्या ग्राहकासाठी सर्वस्वी वेगळी यंत्रणा उभारली, जिला आम्ही डीडीएफ म्हणतो, तर गोष्ट निराळी. पण बिल्डरला घाई असते. महावितरणचे काम होईपर्यंत थांबण्यापेक्षा तो आमच्यासारख्याकडून काम करून घेतो आणि मंजूर अंदाजपत्रकावर १.३ टक्के सुपरव्हिजन, म्हणजे महावितरणच्या देखरेखीचे शुल्क, भरतो. यात बेकायदा काही नाही. काही योजनांत ग्राहकाने केलेला असा खर्च पुढे बिलातून परतही मिळतो. प्रश्न एवढाच, की पैसे ५६ घरांचे असतील तर परतावा कोणाच्या बिलात जाणार? एकाही करारात मी याचे उत्तर वाचलेले नाही.

तेव्हा ‘खर्च आधी सांगता येत नाही, म्हणून ठोक घेतो’ हे मला अर्धेच पटते. करार होतो तेव्हा इमारत पायात असते, ताबा तीन वर्षांनी. तोवर दर बदलतात, लोड वाढतो, केबल वेगळ्या रस्त्याने आणावी लागते. लहान बिल्डर तर हे पैसे आधी खिशातून घालतो, हेही मी पाहतो. करार करताना अंदाज चुकू शकतो, हे मान्य. पण ताब्याच्या दिवशी अंदाज उरत नाही. महावितरणचे कोटेशन असते, महापालिकेची पावती असते, माझे बिल असते. सगळी एका फाइलीत मावतात.

कायदा याबाबत गप्प आहे असेही नाही. रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा. महाराष्ट्राच्या रेरा नियमांसोबतच्या नमुना करारात पाणी, वीज व इतर सेवा जोडणीची रक्कम ‘ठेव’ म्हणून बिल्डरकडे ठेवायची आहे आणि तिच्यासाठी रुपयांची वेगळी जागा सोडलेली आहे. लेआउटमधल्या सबस्टेशनच्या ठेवीची ओळही वेगळी. अशा रकमा स्वतंत्र खात्यात ठेवून ज्या कामासाठी घेतल्या त्यालाच वापरायच्या, हेही त्याच नमुन्यात आहे आणि १९६३ च्या मोफा, म्हणजे राज्याच्या जुन्या फ्लॅट कायद्याच्या पाचव्या कलमापासून चालत आलेले आहे. आता वेगळ्या खात्यात ठेवलेल्या ठेवीचा हिशेब मागायचा नाही, हे कसे काय बसते? शिवाय रेराच्या कलम ११ प्रमाणे पाणी, सांडपाणी, वीज या सोयी कोणत्या टप्प्याला होणार याचे वेळापत्रक बिल्डरने बुकिंगच्या वेळीच द्यायचे आहे आणि कलम १९ प्रमाणे ते मागणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. माझ्या ओळखीच्यांत हे वेळापत्रक कोणी मागितलेले नाही. सॅम्पल फ्लॅटमधल्या टाइल्स मात्र सगळे बोट फिरवून पाहतात.

पैशांपेक्षाही मला जास्त खटकते ते ताब्याचे कलम. नमुना करारातला ताबा भोगवटा दाखल्याशी बांधलेला आहे, चालू जोडण्यांशी नाही. त्यातून काय होते ते एका इमारतीत पाहिले. पंचवटीच्या पलीकडे एका नव्या इमारतीत मला रहिवाशांनी बिघाड बघायला बोलावले होते, इमारतीचे मूळ काम माझे नव्हते. मीटर रूममध्ये पॅनेल चकचकीत, पत्र्यावर फ्लॅट नंबरसुद्धा रंगवलेले. मीटरच्या जागा मात्र रिकाम्या आणि वायरींची टोके काळी टेप गुंडाळून आत ढकललेली. कोपऱ्यात बांधकामाचे एक थ्री फेज मीटर आणि त्यावर अख्खी इमारत. घरोघर बाजारातून आणलेले सब-मीटर. वॉचमन वहीत आकडे उतरवायचा आणि बिल्डरने ठरवलेल्या दराने पैसे गोळा करायचा. घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटला जो स्वस्त टप्पा मिळतो तो या लोकांना नव्हता, कारण कागदोपत्री तिथे घरे नव्हतीच, बांधकाम चालू होते. संध्याकाळी दोन-चार एसी लागले की खालचा ब्रेकर पडायचा. बिघाड म्हणून मला दाखवला तो हाच. एक ताई विचारत होत्या, “भाऊ, आमच्या नावाचं बिल कधी येईल हो? बँकेत पत्त्याचा पुरावा मागतात.”

त्यांच्या करारात ताबा कधीच देऊन झाला होता. असे का होते, तर ताबा लांबला की बिल्डरला स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाच्या पायाभूत दरावर, दोन टक्के जादा दराने व्याज द्यावे लागते. किल्ली हातात दिली आणि ताबापावतीवर सही घेतली की ते मीटर थांबते. मग कायम जोडणीची घाई कोणाला? ताबा दिल्यानंतरही, सोसायटी कारभार हातात घेईपर्यंत, अत्यावश्यक सेवा वाजवी खर्चात पुरवणे ही बिल्डरचीच जबाबदारी आहे, हे रेराच्या कलम ११ मध्ये आहे. पण वाजवी म्हणजे किती यावर भांडायला कोण जाणार?

पाण्याचा विषय माझा नाही, तरी प्लंबरबरोबर रोजचे बसणे-उठणे असल्याने चार गोष्टी कानावर पडतात. नाशिकला उशाशी गंगापूर धरण, शिवाय मुकणेचे पाणी विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रात येते, म्हणून नवा माणूस समजतो की नळ म्हणजे ठरलेलीच गोष्ट. पण नव्या लेआउटच्या कडेने मोठी जलवाहिनी गेली आहे का, टाकी भरते का, हे वेगळे प्रश्न. करारात एक ओळ असते: ‘महापालिकेचे पाणी उपलब्ध होईपर्यंत बोअरवेल अथवा टँकरचा खर्च खरेदीदारांनी करावा.’ किती दिवस? तारीख नसते. मे महिन्यात बोअर आटते आणि टँकरवाल्याचा फोन नंबर सोसायटीच्या सूचना फलकावर कायमचा चिकटतो. महापालिका हद्दीच्या बाहेर, महानगर विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात गेलात तर नळजोडणी कोणाकडून, हाच मुळात पहिला प्रश्न. ड्रेनेजचेही तसेच. लाइन दोनशे मीटरवर असेल तर तिथपर्यंत पाइप कोणी न्यायचा, रस्ता फोडण्याची फी कोणाची आणि तोवर सेप्टिक टँक उपसण्याचे पैसे कोणाचे, हे लिहिलेले नसले की सगळे आपोआप सोसायटीच्या अंगावर येते.

पाइप गॅसबद्दल काय बोलावे! ज्या रस्त्याला लाइन आलेली नाही तिथल्या करारातही गॅसचे पैसे धरलेले मी पाहिले आहेत.

असो. भाच्याबरोबर मीही बिल्डरच्या ऑफिसात गेलो. टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, “काका, स्टँडर्ड क्लॉज आहे, सगळे सही करतात.” तिचा काय दोष, तिला तसेच सांगितलेले. मी म्हटले, “मग महारेराच्या साइटवर तुम्ही टाकलेल्या मसुद्यात दाखव बाळा.” क्यूआर कोड जाहिरातीतच होता. भाच्याने मोबाइलवर उघडला. साइटवरच्या मसुद्यात जोडणीची रक्कम ठेव म्हणून, जागा कोरी. ना-परतावा नाही, हिशेब न मागण्याचे वाक्य नाही. नमुन्यात बदल केला तर तो वेगळा दाखवून अपलोड करायचा असतो, आणि इथे छापील मसुदा एक, साइटवरचा दुसरा. मुलगी आत गेली आणि थोड्या वेळाने भागीदार स्वतः बाहेर आले. मला ओळखतात. चहा आला.

तासाभराच्या बोलण्यातून ‘ना-परतावा’ आणि हिशेबाचे वाक्य गेले. त्याजागी ‘पावत्यांनुसार हिशेब देऊन शिल्लक सोसायटीकडे वर्ग करण्यात येईल’ असे आले. एवढे झाले, हेही थोडे नाही. ताबा कायम जोडणीशी बांधायला मात्र ते तयार झाले नाहीत. “महावितरणचं काम आमच्या हातात आहे का, साहेब?” असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. मी म्हटले, तुमच्या हातात अर्ज आहे, अर्जाची तारीख तरी लिहा. अर्ज आणि पैसे वेळेत भरूनही उशीर झाला तर तुमच्यावर व्याज नको, पण तोवर जनरेटर आणि तात्पुरत्या विजेचा घरगुती दरावरचा फरक तुमचा. ते हसले आणि विचार करून सांगतो म्हणाले. भाच्याने शेवटी सही केली. भाडे आणि हप्ता दोन्ही किती दिवस भरणार तो?

मी त्या दिवशी जो मजकूर लिहून नेला होता तो इथे देतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. वकिलाची भाषा नाही, वकिलाने ती घालावी. ‘वीज, पाणी, ड्रेनेज व गॅस यांच्या रकमा परिशिष्टात वेगवेगळ्या दाखवल्या आहेत. त्या अंदाजे असून कमाल मर्यादा सोबत लिहिली आहे. प्रत्येक सेवेसाठी अर्ज कोणी व कोणत्या महिन्यापर्यंत करायचा ते परिशिष्टात आहे. ग्राहकाच्या नावे भरलेली सुरक्षा ठेव व शासकीय शुल्क पावतीप्रमाणेच घेतले जाईल. कोणत्याही योजनेत मिळणारा परतावा सोसायटीचा राहील. कायम वीजजोडणी व पाण्याची जोडणी चालू असल्याशिवाय ताबा दिला असे धरले जाणार नाही. सोसायटीकडे कारभार सोपवताना सर्व कोटेशन, पावत्या, मंजूर लोडचे पत्र, ट्रान्सफॉर्मरच्या जागेचा भाडेपट्टा व केबलचा नकाशा सोपवला जाईल.’

शेवटची ओळ लोकांना फालतू वाटते. केबलचा नकाशा नसला की पाच वर्षांनी पेव्हर ब्लॉक बसवणारा बरोबर केबलवर पहार घालतो, आणि मग शोधायला मला बोलावतात.

फ्लॅट घेणाऱ्यांना माझे सांगणे, की मसुदा बुकिंगचा चेक फाडायच्या आधी मागा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही हे खरे, पण ते दहा टक्के एकदा गेले की माणूस मवाळ होतो. महारेराच्या साइटवर आर्किटेक्टचा फॉर्म १ असतो, त्यातला तक्ता ब बघा. पाणीपुरवठा, सांडपाणी आणि मीटर रूम-सबस्टेशन यांच्या ओळी त्यात वेगळ्या आहेत, काम किती टक्के झाले तेही लिहिलेले असते. ताबा दोन महिन्यांवर आणि मीटर रूमपुढे शून्य असेल तर काय समजायचे ते समजा. दुय्यम निबंधक कार्यालयात कोणी तुमचे कलम वाचून दाखवणार नाही, तिथे मुद्रांक आणि अंगठा बघतात.

महारेराने नमुना करारातच असे परिशिष्ट घालावे आणि ताब्याच्या व्याख्येत चालू जोडणी आणावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. तोवर नाशिकमधल्या बिल्डरांच्या संघटनेने आपल्या सभासदांपुरते तरी हे सुरू करावे. चांगले काम करणारे पुष्कळ आहेत. त्यातले दोघे-तिघे मला ताब्याआधी सगळ्या पावत्यांची फाइल सोसायटीसाठी करायला सांगतात आणि त्यांना त्याचा काही तोटा झालेला नाही, उलट त्यांचे फ्लॅट ओळखीवर जातात. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात जागोजागी नवे रस्ते होत आहेत, त्यामुळे घाई करण्याला आणखी एक कारण आहे. रस्ता झाल्यावर तो फोडायची परवानगी सहजी मिळणार नाही, पावसाळ्यात तर खोदाई बंदच असते. ज्यांच्या इमारती आज अर्ध्यावर आहेत त्यांनी केबल आणि पाइपचे अर्ज आत्ताच टाकले नाहीत, तर २०२७ उजाडले तरी लोक बांधकामाच्या मीटरवर पंखे फिरवत बसतील.

पत्र छापलेत तर माझे नाव छापू नये. पुढच्या आठवड्यात त्याच भागीदारांकडे एका कामाचे कोटेशन द्यायचे आहे.

आपला,
एक विद्युत ठेकेदार
पाथर्डी फाटा, नाशिक